अरण्याच्या दारी प्राण्यांची आरास

मोटारीच्या काचा वर करून, बसल्या जागेवरून सिंह, झेब्रा आणि जिराफ पाहण्याची हौस गेल्या काही वर्षांत आपल्या मध्यमवर्गाला चांगलीच जडली आहे. बँकॉक, सिंगापूर, दुबई यांच्या सहलींत ‘सफारी’साठी अर्धा दिवस राखून ठेवलेला असतो, ज्यांना परदेश परवडत नाही ते बन्नेरघट्ट्याला किंवा नागपूरच्या गोरेवाड्याला जातात. तेथून परतणाऱ्या प्रत्येकाच्या मनात साहजिकच एक प्रश्न येतो, की असे एखादे उद्यान आपल्या भागात का असू नये? बेळगाव आणि खानापूर परिसरात हा प्रश्न नवा राहिलेला नाही. भुतरामहट्टीचे प्राणिसंग्रहालय वाढवून तेथे सफारी सुरू करण्याच्या कल्पना मांडल्या गेल्या आहेत. भीमगडच्या रानातून पर्यटकांच्या जीपगाड्या फिरविण्याचा विषयही चर्चेत येऊन गेला आहे. खानापूर हा गोव्याच्या सीमेला भिडलेला तालुका. चोर्ल्याचा घाट चढून गेले की तो लागतो. आमची म्हादई त्याच तालुक्यात उगम पावते आणि तेथील रानात चालणारा वाघ गोव्याची सीमा ओळखत नाही. तेव्हा त्या रानाचे व त्याच्या आसपासच्या भूमीचे काय करावयाचे, हा विचार केवळ कर्नाटकाचा आहे असे मानून आम्हांला स्वस्थ बसता येणार नाही.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्राणी पाहण्याची इच्छा हास्यास्पद नाही. ज्या मुलाने वाघ केवळ पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिला आहे, त्याला तो प्रत्यक्ष पाहावासा वाटणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे. रानात पहाटे उठून मैलोगणती चालणे सर्वांनाच जमते असे नाही. वृद्धांना, अपंगांना, कडेवर लहान मूल असलेल्या आईला ते जमत नाही. शिवाय अंगाएवढ्या पिंजऱ्यात गजांमागे येरझारा घालणाऱ्या प्राण्यापेक्षा काही एकरांच्या कुंपणात मोकळा फिरणारा प्राणी बरा, हेही मान्यच करावयास हवे. सफारी उद्यानाचा पुरस्कार करणाऱ्यांचे हे म्हणणे खोटे नाही. प्रश्न आहे तो निराळाच. हे उद्यान कोठे उभारावयाचे, कोणत्या प्राण्यांचे, कोणाच्या खर्चाने, आणि जे आधीच आपल्या हाती आहे त्याची निगा आपण कशी राखली आहे, हे विचारल्यावाचून केवळ हौसेखातर पुढे जाता येणार नाही.

‘सफारी’ हा शब्द आपल्याला परका वाटत असला तरी तो आपल्याच ‘सफरी’चा भाऊ आहे. अरबी ‘सफर’ पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत गेली आणि तेथून गोऱ्या शिकाऱ्यांनी ती उचलली. बंदूक घेऊन, हमालांच्या डोक्यांवर सामान देऊन महिनोन्‌महिने केलेली शिकारीची मोहीम म्हणजे सफारी. पुढे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला आणि आफ्रिकेबाहेर या कल्पनेचे कुंपणातले रूप प्रथम इंग्लंडमध्ये अवतरले. १९६६ साली लाँगलीट येथील एका उमरावाच्या विस्तीर्ण जहागिरीत सिंह सोडण्यात आले आणि लोकांनी आपापल्या मोटारी त्यांच्यामधून हाकीत न्याव्यात अशी सोय करण्यात आली. हे उद्यान उभारण्यात त्या उमरावाचा भागीदार होता जिमी चिपरफील्ड, म्हणजे इंग्लंडमधील एका प्रसिद्ध सर्कस घराण्याचा वंशज. या गोष्टीला अर्थ आहे. प्राण्याने माणसापुढे यावे, ठरलेल्या वेळी यावे आणि तिकिटाचे पैसे वसूल करून द्यावेत, हा सर्कशीचा नियम होता. तंबूच्या जागी कुंपण आले, इतकाच फरक पडला. व्यवहार तोट्यात गेला तेव्हा अशा उद्यानांचे काय झाले, तेही त्याच देशात दिसले. विंडसर येथील सफारी उद्यान १९९२ साली बंद पडले आणि त्या जागेवर पुढे मुलांच्या खेळण्यांचे करमणूक केंद्र उभे राहिले. खेळण्यांचे दुकान मोडले तर खेळणी विकता येतात. सिंहांचे तसे नसते.

सर्कशीचे महत्त्व मराठी माणसाला कोणी सांगावयास नको. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये भारतीय सर्कशीचा पाया घातला आणि सांगली-मिरजेच्या परिसराने त्यानंतर कितीतरी सर्कशी, कसरतपटू आणि जनावरांचे शिक्षक देशाला पुरविले. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-सिंहांना खेळविण्याच्या कौशल्यावर अमेरिकेपर्यंत गाजले. या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजानेही १९९८ च्या अधिसूचनेनंतर सर्कशीतील वाघ, सिंह, अस्वल, बिबळ्या आणि माकड यांचे खेळ बंद झाल्याचे स्वीकारले; सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती बंदी उचलून धरली. कालचे कौतुक आज चूक ठरू शकते आणि समाज ती सुधारू शकतो, याचा हा आपल्या घरचाच दाखला आहे. तंबूतून बाहेर काढलेली गोष्ट कुंपणाच्या वाटेने पुन्हा आत घेताना निदान तेवढे भान असावयास हवे.

आपल्या देशात मोटारीतून सिंह दाखविण्याचा प्रयोग हैदराबादच्या नेहरू प्राणिउद्यानाने १९७० च्या दशकात केला आणि मुंबईच्या बोरिवली उद्यानातील सिंहविहार हा कित्येक पिढ्यांच्या शालेय सहलींचा भाग झाला. आपल्या येथे पाहुण्याने स्वतःची गाडी नव्हे, तर जाळी लावलेली सरकारी बस वापरावयाची, हा शहाणपणा प्रारंभापासून होता. तो किती आवश्यक आहे हे सप्टेंबर २०२५ मध्ये बँकॉकच्या प्रसिद्ध सफारी उद्यानात दिसून आले. वाहनातून खाली उतरलेल्या एका अनुभवी कर्मचाऱ्याला सिंहांनी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत ठार केले. सिंहाने सिंहासारखे वागले याबद्दल त्याला दोष देता येत नाही. काचेआडून पाहता पाहता माणसाला तो चित्रातला वाटू लागतो, यात खरा धोका आहे.

परदेशी प्राण्यांची गोष्ट तर याहून नाजूक. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले गेले, आणि काही महिन्यांतच त्यांपैकी एक दगावला. राहिलेल्यांसाठी थंड हवेचे दालन बांधावे लागले, त्यावर महापालिकेने मोठा खर्च केला आणि पुढे त्यांची पिलेही वाढली. मुंबईला ते परवडले. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका त्यांच्यामागे उभी होती. खानापूरसारख्या तालुक्याला, जेथे माणसांच्या दवाखान्यातच डॉक्टर मिळण्याची मारामार, तेथे आफ्रिकेतील पशूंसाठी विशेषज्ञ कोठून आणावयाचे? पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने पाऊस कोसळतो, धुके हलत नाही, जमीन वाळत नाही. कोरड्या गवताळ मैदानावर लाखो वर्षे वाढलेल्या जिराफाने आणि झेब्र्याने त्या चिखलात खूर टेकून उभे राहावे, ही कल्पना सुचते तरी कशी?

हा केवळ तर्क नव्हे. बेळगावजवळील भुतरामहट्टी येथे कित्तूर राणी चन्नम्मा यांच्या नावाचे प्राणिसंग्रहालय आहे. २०२१ साली तेथे बन्नेरघट्ट्याहून सिंह आणले गेले आणि सबंध जिल्ह्यातील मुलांची तेथे रीघ लागली. त्याच संग्रहालयात नोव्हेंबर २०२५ मध्ये अवघ्या काही दिवसांत तीसहून अधिक काळविटे मृत्युमुखी पडली. कळपातील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मागे राहिली. कारण म्हणून जे निदान पुढे आले, ते वाचून या भागातील कोणाही शेतकऱ्याला धक्का बसला असेल. तो रोग होता घटसर्प. खानापूर तालुक्यातील म्हैस पाळणाऱ्या प्रत्येक घराला हे नाव ठाऊक आहे. पावसाळा तोंडावर आला की शेतकरी जनावराला घटसर्पाची लस टोचून घेतो, कारण रोग आला तर उपचाराला उसंत मिळत नाही, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. गोठ्यातल्या म्हशीला जी भीती, तीच कुंपणातल्या काळविटाला. आपल्या मातीतला प्राणी, आपल्या मातीतला रोग, आणि तरीही आपण त्याला वाचवू शकलो नाही. मग ज्या प्राण्याची प्रकृतीही आपल्याला ठाऊक नाही, ज्याचे रोग आपल्या पशुवैद्यांनी पुस्तकातच वाचले आहेत, तो आणून आपण काय करणार?

भुतरामहट्टीलाच तेवढे बोल लावावेत असा आमचा हेतू नाही. नागपूरच्या गोरेवाड्याचे उद्यान २६ जानेवारी २०२१ रोजी मोठ्या थाटात खुले झाले. तेथे पैसा होता, तज्ज्ञ होते. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये तेथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबळ्या बर्ड फ्लूने दगावले. बंदिस्त प्राण्यांचा कळप म्हणजे रोगाला उघडे दार. रानात एखादा प्राणी आजारी पडला तर तो एकटा जातो, रानाच्या विस्तारात रोग विरून जातो. कुंपणात मात्र एकाचा रोग सर्वांचा होतो. म्हणून प्राणिसंग्रहालय चालविणे हे उद्यान चालविण्यापेक्षा रुग्णालय चालविण्याच्या अधिक जवळचे काम आहे. तेथे रोज लागते ती दक्षता. पशुवैद्य, प्रयोगशाळा, नवीन प्राण्याला वेगळे ठेवण्याची जागा, आसपासच्या गावांतील जनावरांचे लसीकरण, पाण्याची व वैरणीची तपासणी, हे सारे आधी हवे. फीत कापण्याचा समारंभ यातील कशाच्याही आधी येत नाही. आपल्याकडे मात्र तोच सर्वांच्या आधी येतो.

आता खानापूरच्या रानाकडे वळू. ज्या तालुक्यात कृत्रिम जंगल उभारण्याची भाषा होते, त्या तालुक्याजवळ खरे जंगल आहे याचा विसर पडावा, हे नवलच म्हणावे लागेल. डिसेंबर २०११ मध्ये भीमगड अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. शिवकालाशी नाते सांगणारा भीमगडचा किल्ला त्याच्या मध्यभागी उभा आहे. म्हादईचे पहिले झरे तेथे फुटतात आणि तालुक्याच्या त्याच डोंगरपट्ट्यात, कणकुंबी येथे, मलप्रभा उगम पावते. एक नदी पश्चिमेला आमच्याकडे येते, दुसरी पूर्वेला उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या शेतांकडे जाते. दोन प्रदेश ज्या पाण्यासाठी भांडत आहेत, ते पाणी या रानाच्या सावलीत जमते. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी वाटून दिले. परंतु झाड तुटले आणि डोंगर धुपला तर वाटून घ्यावयास उरणार काय, याचा निवाडा कोणताही लवाद करू शकणार नाही.

याच रानात बारापेडे गुहा आहे आणि तिच्यात राऊटन यांच्या नावाने ओळखले जाणारे वटवाघूळ राहते. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले आणि त्यानंतर कित्येक दशके या जातीचे साऱ्या जगाला ठाऊक असलेले एकमेव वसतिस्थान म्हणजे खानापूर तालुक्यातील ही गुहा होती. पुढे मेघालयात आणि कंबोडियात ते आढळले, पण त्याचे पहिले घर हेच. झेब्रा जगातील शेकडो उद्यानांत आहे. हे वटवाघूळ जगाने पाहावयाचे म्हटले तर खानापूरला यावे लागे. तालुक्यातील किती शाळांच्या भिंतींवर त्याचे चित्र आहे? किती मुलांना त्याचे नाव माहीत आहे? परदेशी प्राण्यांची नावे आपली मुले घडाघडा सांगतात, आणि घरामागच्या डोंगरातील, साऱ्या जगाने कुतूहलाने पाहावे असा जीव त्यांना अनोळखी राहतो. अर्थात त्या गुहेत पर्यटकांच्या झुंडी नेऊन विजेऱ्यांचा झोत पाडावा असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. ती गुहा निर्मनुष्य राहण्यातच त्या जीवाचे कल्याण आहे. परंतु ज्याला आपण हात लावू नये अशी वस्तू आपल्याकडे आहे, याचा अभिमान बाळगण्यास तिकीट लागत नाही.

आणि खरे जंगल आपण होऊन दारात आले तेव्हा आपली काय अवस्था झाली, तेही आठवून पाहावे. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगाव शहरातील गोल्फ मैदानाच्या परिसरात एक बिबळ्या दिसला. बावीस शाळा बंद ठेवाव्या लागल्या, वन खात्याने सापळे लावले, शोधासाठी हत्ती आणले, आणि अनेक आठवडे दमवूनही तो कोणाच्या हाती लागला नाही. त्याला दोष देऊन चालणार नाही, तसेच भयभीत झालेल्या पालकांनाही. परंतु वन्य प्राणी काचेपलीकडे हवाहवासा वाटतो आणि काच नाहीशी होताच तो नकोसा होतो, हे आपल्या प्राणिप्रेमाचे खरे माप त्या महिन्यात कळले. खानापुरातील शेतकऱ्याला मात्र काच कधीच नव्हती. दांडेलीकडून येणारे हत्ती त्याचे पोटरीला आलेले भात तुडवितात, गवे ऊस खातात, रानात गेलेल्या माणसावर अस्वल चाल करून येते. त्याने तिकीट काढलेले नाही. तो त्या रानात राहतो.

या माणसाचा विचार केल्यावाचून सफारीचा कोणताही विचार पुरा होणार नाही. भीमगडच्या पोटात डझनभर वाड्या आणि गावे आहेत. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी स्त्रीला गावकऱ्यांनी भर पावसात, लाकडांच्या डोलीवर घालून, रानातून कित्येक किलोमीटर वाहून आणले, तेव्हा या वस्त्यांची नावे प्रथमच वर्तमानपत्रांतून सर्वांना कळली. मे २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना स्वेच्छेने स्थलांतर करण्याकरिता मंजूर १५ लाखांपैकी १० लाखांचा पहिला हप्ता देण्यात आला. हे स्थलांतर खरोखर स्वेच्छेचे असेल आणि दिलेला शब्द पाळला जाईल, तर त्यात माणसाचेही हित आहे आणि रानाचेही. परंतु ज्या वाटेने रुग्णवाहिका जाऊ शकली नाही, त्याच वाटेने उद्या पर्यटकांच्या जीपगाड्या धावू लागल्या, तर त्या गावकऱ्याने काय समजावे? अभयारण्याचा कायदा रस्त्याला आडवा आला तो आपल्याकरिता, आणि पाहुण्याकरिता तो बाजूला झाला, असेच तो समजेल. रानाविषयी त्याच्या मनात कडवटपणा आला तर कोणतेही कुंपण ते रान वाचवू शकणार नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. खानापूर तालुक्यात उद्योग नाहीत, तरुण मुले कामासाठी बेळगावला आणि मोठ्या संख्येने आमच्या गोव्यात येतात. मग सफारी उद्यान आले तर त्यांना घरच्या घरी काम मिळणार नाही का? शहरात बसून रानाचे कौतुक करणाऱ्यांनी गावाच्या पोटावर पाय का द्यावा? या आक्षेपाला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही. अशा उद्यानात रोजगार निर्माण होतो, हे खरे आहे. परंतु कोणता? विशेषज्ञ बाहेरचे, ठेकेदार बाहेरचा, यंत्रसामग्री बाहेरची. स्थानिकाच्या वाट्याला राहतात फाटकावरची नोकरी, झाडलोट आणि वाहनतळावरील पावत्या. याउलट रान राखून जो रोजगार निर्माण होतो, त्यात स्थानिकाचे ज्ञान हेच भांडवल असते. कोणत्या झऱ्यावर गवा उतरतो, कोणत्या झाडावर शेकरू घरटे बांधते, पावसाळ्यात कोणती वाट निसरडी होते, हे गवळी-धनगराच्या मुलाला ठाऊक असते. बंगळूरच्या ठेकेदाराला नसते. हेम्माडग्यासारख्या ठिकाणी वन खात्याची निसर्ग शिबिरे आहेत. त्यांच्याभोवती मर्यादित संख्येने पायी फिरणारे पर्यटक, गावातील घरांतून त्यांची राहण्या-जेवणाची व्यवस्था आणि गावच्या तरुणांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण, असा व्यवसाय उभा राहू शकतो. त्यात झगमगाट नाही. परंतु पावसाळ्यात तो बंद ठेवला तरी कोणी प्राणी उपाशी मरत नाही.

कायद्याची बाजूही आता धूसर राहिलेली नाही. २०२३ साली वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने वगळून इतर वनभूमीवर सरकारी प्राणिसंग्रहालये व सफारी उभारण्यास सवलत मिळाली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतरिम आदेश दिला, की न्यायालयाच्या पूर्वसंमतीशिवाय अशा जागी संग्रहालय वा सफारी उभारू नये. मार्च २०२४ मध्ये कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातील पाखरो सफारीसाठी झालेल्या बेकायदा वृक्षतोडीवर याच न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे भुतरामहट्टीची काळविटे मेली त्याच महिन्यात, न्यायालयाने सांगितले की व्याघ्र सफारी गाभा क्षेत्रात चालणार नाही. ती वनेतर किंवा ऱ्हास पावलेल्या भूमीवर, व्याघ्रमार्गापासून दूर असावी आणि जखमी, अनाथ वा संघर्षात पकडलेल्या वाघांच्या बचाव केंद्राशी जोडलेली असावी. म्हणजे प्राणी सफारीसाठी आणावयाचा नाही. ज्याला रानात परत जाता येत नाही अशा प्राण्याला आसरा द्यावयाचा आणि तो करीत असता लोकांना दाखवावयाचा. हा दृष्टिकोनातील मोठा बदल आहे. त्याच नोव्हेंबर महिन्यात माणसांवरील वाघांच्या हल्ल्यांनंतर कर्नाटक शासनाने बंडीपूर व नागरहोळे येथील सफारी थांबविली आणि तेथील कर्मचाऱ्यांना संघर्ष निवारणाच्या कामी जुंपले. सफारी आणि संरक्षण या दोहोंसाठी माणसे तीच असतात आणि ती थोडी असतात, याची ही अधिकृत कबुलीच नव्हे काय?

व्याघ्रमार्ग हा शब्द खानापूरच्या बाबतीत केवळ नकाशावरचा नाही. दांडेली-अणशीचा काळी व्याघ्र प्रकल्प, भीमगड, गोव्यातील म्हादई अभयारण्य, तिळारी, राधानगरी आणि त्यापलीकडे चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, अशी ही एक साखळी आहे. अंगावरील पट्ट्यांची छायाचित्रे जुळवून वाघ या मार्गाने ये-जा करतात हे अभ्यासकांनी दाखविले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याच्या एका वाघिणीला सह्याद्री प्रकल्पात आणून सोडण्यात आले. एकीकडे शेकडो किलोमीटरवरून वाघीण आणून साखळीचे उत्तर टोक जिवंत करावयाचे आणि दुसरीकडे मधला दुवा करमणुकीसाठी खिळखिळा करावयाचा, हे एकाच देशाच्या दोन हातांना शोभणारे नाही.

हे सारे कर्नाटकाला ऐकविताना गोव्याने आपल्या पायाखाली काय जळते आहे तेही पाहावे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत म्हादई अभयारण्याच्या क्षेत्रात एक वाघीण आणि तिची पिले, असे चार वाघ विषाने मारले गेले. गाईगुरे गमावलेल्या कुटुंबाच्या रागाला कारण होते, आणि भरपाईची यंत्रणा त्याच्यापर्यंत वेळेवर पोचत नव्हती, ही आमच्या राज्याची लाज होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी म्हादई आणि लगतची क्षेत्रे तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य शासनाने तो मान्य करण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. म्हादईचे पाणी वळविले जाऊ नये म्हणून ज्या रानाची साक्ष आम्ही काढतो, त्याच रानाला आम्ही वाघाचे घर म्हणण्यास कचरतो. या विसंगतीचा फायदा उद्या शेजाऱ्याने घेतला, तर तक्रार करण्यास आम्हांला तोंड राहणार नाही. म्हादईसाठी लढणाऱ्या गोव्याने वाघासाठीही उभे राहिले पाहिजे. तरच खानापूरच्या रानाबद्दल बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पोचेल.

या भागातील लोकांचे प्राण्यांवर प्रेम नाही असे कोण म्हणेल? जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’कडे नेली गेली, तेव्हा कोल्हापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंतची माणसे रस्त्यावर आली. त्या आंदोलनातील ओलावा खरा होता. हत्तिणीच्या प्रकृतीविषयी न्यायालयापुढे आलेले प्रश्नही खरेच होते. प्राण्यावर प्रेम करणे आणि त्याला लागते ती निगा राखणे, या दोन गोष्टी एकत्र नांदल्या नाहीत की असा पेच उभा राहतो. हेच सूत्र सफारीलाही लागू आहे. लोकांची हौस खरी आहे; ती पुरविणाऱ्या व्यवस्थेने प्राण्याची निगा राखण्याची ग्वाही दिली पाहिजे, आणि ती ग्वाही भाषणातून नव्हे, नोंदवहीतून दिसली पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. खानापूरच्या वनक्षेत्रात किंवा वन्यप्राण्यांच्या वहिवाटीच्या मार्गावर परदेशी प्राण्यांचे वा देशी प्राण्यांचे कोणतेही सफारी उद्यान उभारू नये. भुतरामहट्टीला नवा एकही प्राणी आणण्यापूर्वी तेथे पुरेसे कायम पशुवैद्य, नव्या प्राण्यांसाठी विलगीकरणाची जागा आणि भोवतालच्या गावांतील गुरांचे दरसाल लसीकरण यांची पक्की व्यवस्था व्हावी. प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद कारणासह फाटकावरच्या फलकावर लावावी, म्हणजे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ती वाचता येईल. पुढे कधी सफारी करावयाचीच झाली, तर ती वनेतर भूमीवर, न्यायालयाने घातलेल्या अटींनुसार, आसऱ्याची गरज असलेल्या याच देशातील प्राण्यांसाठी असावी. भीमगडमधील गावांना दिलेली स्थलांतराची आणि पीकभरपाईची वचने आधी पुरी करावीत. ज्यांना राहावयाचे आहे त्यांना आजारपणात बाहेर पडता येईल अशी सोय आधी करावी. आणि तिन्ही राज्यांच्या वनाधिकाऱ्यांनी वर्षातून निदान एकदा एकत्र बसून या साखळीचा हिशेब मांडावा. पाण्याच्या भांडणात ही राज्ये न्यायालयात समोरासमोर बसतात. रानासाठी एका टेबलाशी बसण्यास त्यांना कोणाची बंदी आहे?

ज्या पालकांना आपल्या मुलांना रान दाखवावयाचे आहे, त्यांनीही थोडा विचार करावा. खानापूरच्या एखाद्या गावी हिवाळ्यातील एक सकाळ काढली, तर सिंह दिसणार नाही. कदाचित शेकरू दिसेल, धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकू येईल, ओल्या मातीत गव्याचा खूर उमटलेला दिसेल आणि वाट दाखविणारा गावचा मुलगा सांगेल की तो रात्रीच येऊन गेला. मुलाला प्रथम निराशा वाटेल. नंतर त्याला कळेल की रानातील बहुतेक गोष्टी आपल्याला दिसण्यासाठी नसतात. एवढे समजलेला मुलगा मोठा होऊन भीमगडच्या झाडावर कुऱ्हाड घालावयास सहजासहजी परवानगी देणार नाही, आणि म्हादईच्या उगमाला त्याच्याइतका भरवशाचा राखणदार दुसरा कोणी मिळणार नाही.